माझी १९६८ची प्लिमथ रोड रनर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मंडळी, गणपतीत भेटलो की, इंडियन ग्रोसरीच्या पार्किंगमध्ये, घरच्यांच्या व्हिडिओ कॉलवर, सगळीकडे या गाडीबद्दल तेच तेच प्रश्न येतात आणि मला उत्तरं द्यायला मनापासून आवडतं, पण उभ्या उभ्या अर्धवट सांगून होतं. म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढतोय. मी मिशिगनमध्ये डेट्रॉइटच्या उपनगरात राहतो, नोकरी गाड्यांच्याच क्षेत्रात, आणि ही गाडी बहुतेक वेळा शनिवार-रविवारीच बाहेर काढतो.

नक्की कुठली गाडी आहे ही?

१९६८ची प्लिमथ रोड रनर. दोन दरवाजे, ३८३ क्युबिक इंचाचं व्ही-८ इंजिन, म्हणजे साधारण ६.३ लिटर, आणि चार गियरचा मॅन्युअल गिअरबॉक्स. आपल्याकडची छोटी हॅचबॅक १.२ लिटरची असते, तशी पाच इंजिनं एकत्र केल्यासारखं. कागदावर ३३५ हॉर्सपॉवर, पण हा आकडा त्या काळच्या पद्धतीचा आहे, म्हणजे इंजिन स्टँडवर ठेवून, पंखा, एअर फिल्टर, सायलेन्सर वगैरे ओझं काढून मोजलेला. १९७२ पासून अमेरिकन कंपन्या गाडीत बसवल्यावर मिळणारी नेट पॉवर छापायला लागल्या, त्यामुळे आजच्या गाडीच्या आकड्याशी सरळ तुलना करू नका. टॉर्क, म्हणजे खेचण्याची ताकद, मात्र ४२५ पौंड-फूट लिहिलाय आणि तो पायाखाली लगेच जाणवतो.

ही बनली डेट्रॉइटच्या लिंच रोड फॅक्टरीत, म्हणजे माझ्या घरापासून अर्ध्या तासावर. जिथे जन्मली तिथल्याच रस्त्यावर चालतेय याचं मला खूप अप्रूप आहे.

मसल कार म्हणजे काय, स्पोर्ट्स कारच ना?

नाही. स्पोर्ट्स कार मुळातच लहान, हलकी, वळणं घेण्यासाठी बनवलेली. मसल कार म्हणजे मधल्या साइजची साधी फॅमिली गाडी घ्यायची आणि तिच्यात मोठ्या गाडीचं इंजिन टाकायचं. १९६४ साली पाँटिअॅकने जीटीओ काढली तिथून बहुतेक लोक सुरुवात मानतात. पण दोन-चार वर्षांतच या गाड्या महाग व्हायला लागल्या, सीट भारी, ट्रिम भारी, आणि ज्या विशी-बाविशीतल्या पोरांना त्या हव्या होत्या त्यांनाच परवडेनात.

तेव्हा प्लिमथने उलटा विचार केला. बाकीचं सगळं काढा, इंजिन ठेवा. कार्पेट नको, रबरी मॅट टाका, पुढे सरळ बाकड्यासारखी सीट द्या, मागच्या काचा खाली जाणाऱ्या नकोत, नुसत्या बाहेरच्या बाजूला थोड्या उघडतील अशा द्या. पण ३८३ला हेड आणि कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) मोठ्या ४४० इंजिनाचे लावा. किंमत ठेवली २,८९६ डॉलर आणि पहिल्याच वर्षी जवळपास ४५,००० गाड्या खपल्या. पुढच्या वर्षी मोटर ट्रेंड मासिकाने तिला कार ऑफ द इयर केलं. मला ही गाडी आवडते ती याच साधेपणासाठी, आत बसलं की पुण्यातल्या जुन्या टॅक्सीत बसल्यासारखं वाटतं आणि किल्ली फिरवली की अंगावर काटा येतो.

तो हॉर्न खरंच ओरिजिनल आहे का?

हो! बीप बीप. प्लिमथने कार्टूनमधल्या त्या रोड रनर पक्ष्याचं नाव आणि चित्र वापरायला वॉर्नर ब्रदर्सला ५०,००० डॉलर दिले आणि त्याच्या आवाजासारखा हॉर्न मुद्दाम बनवून घेतला. शेजारची लहान मुलं माझ्या ड्राइव्हवेच्या टोकाशी उभी राहून वाट बघतात, मी रविवारी दोनदा वाजवतो, शनिवारी पाचदा.

प्लिमथच का? इंडियात कोणाला हे नावही माहीत नाही.

असं नाहीये, आपल्या आजोबांच्या पिढीला विचारा. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने प्लिमथच्या मूळ कंपनीशी, म्हणजे क्रायस्लरशी, करार करून मुंबईत कुर्ल्याला गाड्या जोडायला सुरुवात केली, १९४७ साली पहिली गाडी बाहेर पडली. डॉज, डिसोटो, प्लिमथ आणि फार्गो ट्रक, हे सगळं तिथलं. त्याच कुर्ल्यातून पुढे फियाट आली, तीच आपली पद्मिनी. म्हणजे रोड रनर तिथे कधी बनली नाही, पण नाव मात्र आपल्या घरात होतंच. माझ्या बाबांना मी पहिला फोटो पाठवला तेव्हा त्यांनी गाडीचा रंग वगैरे काही विचारलं नाही, म्हणाले, "अरे प्लिमथ! आमच्या वाडीत डॉक्टरांकडे होती, आम्ही पोरं तिला धक्का मारायला धावायचो." त्या दिवशी मी ठरवलं की घ्यायची तर हीच.

रिस्टोर केली म्हणजे सगळं जुन्यासारखंच ठेवलंय का?

दिसायला हो, चालवायला नाही, आणि हे मी पूर्ण विचार करून केलंय. काही लोक गाडी अशी रिस्टोर करतात की बोल्टवरची खूणसुद्धा फॅक्टरीसारखी पाहिजे, मग ती ट्रेलरवर घालून शोला नेतात. त्या कामाबद्दल मला आदर आहे. पण मला गाडी चालवायची होती, रस्त्यावर, आजच्या ट्रॅफिकमध्ये, मुलांना घेऊन. तीन वर्षं लागली, त्यातलं अर्ध्याहून जास्त पत्र्याच्या आणि रंगाच्या कामात गेलं.

इंजिन, गिअरबॉक्स, मागचा अॅक्सल, बिना पॉवरचं स्टिअरिंग, आतली सीट हे सगळं मूळचं. बदललं काय, तर आधी ब्रेक. या गाडीला चारही चाकांना ११ इंची ड्रम होते. एकदा उन्हाळ्यात लागोपाठ सिग्नलला जोरात थांबत आलो आणि पाचव्या सिग्नलला पाय दाबला तर गाडी नुसती रांगत पुढे जातेय, डावीकडे ओढतेय, पुढची गाडी जवळ येतेय. हाताच्या अंतरावर थांबलो. ड्रम तापले की पकड जाते, त्याला फेड म्हणतात, पुस्तकात मी वाचलेलं होतं पण पोटात खड्डा पडला तेव्हा कळलं. पुढच्याच महिन्यात पुढे डिस्क बसवले. तुम्ही अशी गाडी घेतलीत तर रंगाआधी ब्रेकवर पैसे घाला, कृपा करून.

दुसरं, पॉइंट (ठिणगीसाठी करंट जोडणारे-तोडणारे संपर्क) काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलं. जुन्या स्कूटर-मोटारसायकलवाल्यांना पॉइंट घासणं, गॅप लावणं आठवत असेल, तेच इथे. तिसरं वायरिंग, आणि हे महत्त्वाचं आहे म्हणून जरा सविस्तर सांगतो. या काळातल्या क्रायस्लर गाड्यांना डॅशबोर्डवर अॅमीटर, म्हणजे करंट दाखवणारा मीटर, असतो आणि बॅटरी चार्ज करणारा करंट सगळा इंजिनच्या बाजूने आत येऊन त्या मीटरमधून फिरून परत बाहेर जातो, मध्ये फायरवॉलवर, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या भिंतीवर, एक प्लॅस्टिकचा मोठा कनेक्टर. पन्नास-पंचावन्न वर्षांत त्या कनेक्टरच्या पिना काळ्या पडतात, सैल होतात, गरम होतात. माझा उघडला तर एका पिनेभोवतीचं प्लॅस्टिक वितळून चॉकलेटसारखं झालेलं. अशाने गाड्या पेटतात. मी अॅमीटर दिसायला ठेवलाय पण मुख्य करंट बाहेरूनच वेगळ्या जाड वायरने, फ्यूज लिंक (करंट जास्त झाला की वितळून तुटणारा वायरचा तुकडा) लावून नेलाय.

अशी गाडी घेताना काय बघायचं?

गंज, गंज आणि गंज. इंजिन कितीही खराब असलं तरी बनवता येतं, पत्रा सडला की संपलं, कारण या गाडीला वेगळी चासी नाही, बॉडी हीच चासी आहे. मिशिगनमध्ये हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे इथलीच गाडी बहुतेक वेळा खालून कुजलेली असते. अॅरिझोनासारख्या कोरड्या राज्यातली मिळाली तर रंग उडालेला असेल, सीटा फाटलेल्या असतील, तरी तीच घ्या.

एक छोटं लोहचुंबक मऊ फडक्यात गुंडाळून घेऊन जा आणि मागच्या चाकांच्या वरचा, मागचा पत्रा, दाराचा खालचा भाग, मागच्या काचेच्या खालची पट्टी अशा ठिकाणी लावून बघा. चिकटलं नाही म्हणजे आत लांबी, म्हणजे पुट्टी, भरलीये. मग डिकीतली मॅट उचला, मग गाडी जॅकवर चढवून पुढच्या सीटखालचा तो आडवा तुळईसारखा भाग बघा, जिथे टॉर्शन बारची मागची टोकं अडकवलेली असतात. या गाडीला पुढे स्प्रिंग नाहीत, लांब पोलादी दांडे आहेत जे पिळले जाऊन गाडी तोलतात, आणि तो भाग सडला तर पुढच्या सस्पेन्शनला आधारच उरत नाही.

नकली रोड रनर असतात असं ऐकलंय?

असतात, भरपूर. त्याच बॉडीची साधी बेल्व्हेडिअर किंवा सॅटेलाइट घेऊन स्टिकर लावायचं, हॉर्न बसवायचा आणि दुप्पट किमतीला विकायची. म्हणून नंबर वाचायला शिका. डॅशबोर्डवर डाव्या कोपऱ्यात काचेतून दिसणाऱ्या पट्टीवर माझ्या गाडीचा नंबर आरएम२१एच८ए असा सुरू होतो. आर म्हणजे प्लिमथची ही मधली साइज, एम म्हणजे रोड रनरचा दर्जा, २१ म्हणजे मध्ये खांब असलेली दोन दरवाजांची बॉडी, एच म्हणजे फोर-बॅरल (चार तोंडांच्या कार्बोरेटरचं) ३८३, ८ म्हणजे १९६८, आणि ए म्हणजे लिंच रोड. सॅटेलाइट असेल तर दुसरं अक्षर एच येतं. सरळ आहे, पण विकणारा बोलण्यात गुंतवतो आणि माणूस बघायचं विसरतो.

आणि एक गंमत, मागच्या सीटच्या स्प्रिंगमध्ये फॅक्टरीतला कागद अडकलेला सापडू शकतो, ज्यावर त्या गाडीला काय काय लावायचं ते कोडमध्ये छापलेलं असतं. माझ्या सीटखाली अर्धा सापडला, उरलेला उंदरांनी कुरतडलेला. तो अर्धा मी फ्रेम करून गॅरेजमध्ये लावलाय.

सकाळी चालू करायला काय काय करावं लागतं?

आठवडाभर उभी असली की कार्बोरेटरमधलं पेट्रोल उडून गेलेलं असतं, आजच्या इथेनॉलवाल्या पेट्रोलने तर जास्तच. म्हणून आधी सेल्फ थोडा वेळ फिरू द्यायचा, म्हणजे इंजिनावरचा मेकॅनिकल पंप पेट्रोल वर आणतो. मग थांबायचं. अॅक्सिलरेटर दोनदा खालपर्यंत दाबायचा, त्याने चोक लागतो आणि पेट्रोलची धार आत जाते, मग किल्ली. पहिला आवाज येतो तो जरा खोकल्यासारखा, मग आठही सिलेंडर लागतात आणि गॅरेजच्या भिंतीवरचे पाने हलायला लागतात. मिनिटभराने अॅक्सिलरेटरला पायाने हलकेच टिचकी मारली की आयडल, म्हणजे उभ्या गाडीत इंजिन फिरण्याचा वेग, खाली येतो. सगळं कानाने करायचं. हे दोन मिनिटांचं काम मला पूर्ण आठवडाभराचा थकवा घालवायला पुरतं.

ऑइलचं एक लक्षात ठेवा, या इंजिनाच्या कॅमवर लिफ्टर, म्हणजे व्हॉल्व्ह उचलणारे तुकडे, घासत फिरतात, रोलर नाहीत, त्यामुळे झिंक जास्त असलेलं ऑइल लागतं. नव्या गाडीचं ऑइल डोळे झाकून ओतू नका.

मायलेज काय देते?

गॅलनला ११-१२ मैल, म्हणजे लिटरला पाच किलोमीटरच्या आत-बाहेर. कॉम्प्रेशन १०:१ आहे म्हणून प्रीमियम पेट्रोलच लागतं. वर्षाला मी फार तर दीड-दोन हजार मैल चालवतो, त्यामुळे जमतं.

बंद पडली तर?

पडते, आणि एक आजार असा आहे की तो माहीत असला तर पाच मिनिटांचं काम, नसला तर टो ट्रक. किल्ली फिरवली, इंजिन लागलं, किल्ली सोडली की लगेच बंद. परत तेच. असं झालं तर बॅलास्ट रेझिस्टर गेलाय. फायरवॉलवर एक पांढरा चिनीमातीचा तुकडा असतो, बोटाएवढा, स्टार्ट करताना कॉइलला (ठिणगी तयार करणारा भाग) त्याला वगळून करंट मिळतो आणि चालू झाल्यावर त्याच्यातून, म्हणून सेल्फवर चालते आणि मग मरते. खूप स्वस्त मिळतो, मी ग्लव्हबॉक्समध्ये कायम दोन ठेवतो. एकदा दुसऱ्याच्या डॉजला देऊन आलो, त्या आजोबांनी मला मिठीच मारली.

दुसरं, चाक. या काळातल्या क्रायस्लर गाड्यांना डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्याचे असतात, घड्याळाच्या दिशेने फिरवले की सुटतात. बोल्टच्या तोंडावर एल अक्षर असतं पण रंग, मळ याखाली ते दिसत नाही. मी एका टायरवाल्याकडे गाडी दिली, सांगायला विसरलो, तिथल्या मुलाने एअर गन लावली आणि दोन बोल्ट कटकन तुटले. चूक माझीही आहे, सांगायला मी हवं होतं. आता डाव्या चाकांच्या टोपीच्या आत मी पेंटने बाण काढून ठेवलाय. आणि टायर दिसायला नवे असले तरी बाजूवरच्या डॉट (DOT) क्रमांकाचे शेवटचे चार आकडे वाचा, पहिले दोन टायर बनल्याचा आठवडा, पुढचे दोन वर्ष. कमी चालणाऱ्या गाडीचे टायर झिजत नाहीत, वयानेच कडक होतात.

मुलांना बसवता का? सेफ आहे का?

खरं सांगायचं तर आजच्या गाडीइतकी अजिबात नाही. एअरबॅग नाही, डोक्यामागे आधार नाही, मूळचे पट्टे मागे फक्त कमरेचे. पुढे-मागे मी तीन ठिकाणी अडकणारे बेल्ट बसवून घेतलेत. मुलगी दहाची झाल्यावरच पहिल्यांदा बसवली, लहान मुलांची सीट अडकवायला या गाडीत नीट सोय नाही. हायवे टाळतो, पुढच्या गाडीपासून दुप्पट अंतर, पावसाची शक्यता असली तर गाडी गॅरेजमध्येच. लोक अचानक समोर घुसतात फोटो काढायला, तेव्हा फार जपावं लागतं.

कुठे कुठे नेता?

वुडवर्ड अॅव्हेन्यूला तर जायचंच. डेट्रॉइट शहरातून पाँटिअॅकपर्यंत जाणारा हा रस्ता, १९०९ साली इथेच सिक्स माइल आणि सेव्हन माइलच्या मध्ये एक मैल काँक्रीटचा रस्ता झाला. साठच्या दशकात पोरं याच रस्त्यावर सिग्नल टू सिग्नल शर्यती लावायची. १९९५ पासून ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड ड्रीम क्रूझ भरते, फर्नडेलमध्ये सॉकरच्या मैदानासाठी पैसे जमवायला सुरू झालेली, आज आपल्या विसर्जनासारखी गर्दी असते, लोक सकाळपासून खुर्च्या टाकून बसतात. खरी मजा पाहिजे असेल तर शनिवारी नका जाऊ, गाडी मुंगीच्या पावलाने सरकते आणि इंजिन तापतं. त्या आधीच्या बुधवार-गुरुवारी संध्याकाळी जा. गाड्या वाहत्या असतात आणि माणसं निवांत गप्पा मारतात.

बाकी रविवारी सकाळी साडेसहाला निघायचं, रस्ते रिकामे, एखाद्या तळ्याच्या बाजूने चाळीस मैलांची चक्कर. तिसऱ्या गियरमध्ये पाऊण अॅक्सिलरेटर दाबला की कार्बोरेटरची मागची दोन तोंडं उघडतात आणि आवाज एकदम बदलतो, खोल होतो.

हिवाळ्यात काय करता?

पहिलं मीठ रस्त्यावर पडायच्या आत गाडी आत. टाकी पूर्ण भरून पेट्रोल टिकवायचं औषध घालून दहा मैल चालवतो म्हणजे ते कार्बोरेटरपर्यंत पोचतं. ऑइल बदलून ठेवतो, जुन्या ऑइलमधला ओलावा चार महिने आत राहू नये. बॅटरीला छोटा चार्जर. सायलेन्सरच्या तोंडात तारेची जाळी, उंदरांसाठी. मध्येच पाच मिनिटं चालू करून बंद करायची सवय काहींना असते, ती वाईट, त्याने एक्झॉस्टमध्ये पाणी धरतं. वसंतात बर्फ गेला तरी मी थांबतो, दोन-तीन चांगले पाऊस पडून मीठ वाहून जाईपर्यंत. हे थांबणं सगळ्यात अवघड जातं.

इन्शुरन्स आणि नंबर प्लेट?

इन्शुरन्स ठरलेल्या किमतीचा घ्या, म्हणजे गाडीची किंमत आधीच लेखी ठरवलेली असते. साध्या पॉलिसीत ही एक पन्नास-पंचावन्न वर्षं जुनी गाडी म्हणून धरली जाईल आणि हातात काहीच येणार नाही. मिशिगनमध्ये २६ वर्षांवरच्या गाडीला हिस्टॉरिक प्लेट मिळते, स्वस्त आहे पण वापरावर बंधनं आहेत. मी साधीच प्लेट घेतलीये, मनात आलं की निघता यावं म्हणून.

परत भारतात गेलात तर नेणार का?

खूप विचार केला. भारतात २०२१ पासून ५० वर्षांवरच्या व्हिंटेज गाड्यांची वेगळी नोंदणी आहे, नंबरमध्ये व्हीए येतं, पण त्या नोंदणीवर गाडी रोजच्यासारखी फिरवता येत नाही, रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती अशा कामांसाठीच. डाव्या हाताचं स्टिअरिंग, आणायचा खर्च वेगळाच. आणि मग ती कुठेतरी कापड घालून उभी राहील, सीलं सुकतील, ब्रेक जाम होतील. उभी राहून खराब झालेल्या गाड्या मी इतक्या बघितल्यात की ते मला बघवणार नाही. जायची वेळ आली तर इथल्याच कोणा चालवणाऱ्याला देईन. बाबांना मात्र पुढच्या उन्हाळ्यात तिकीट काढून बोलावलंय.

आम्हाला चक्कर मिळेल का?

नक्की मिळेल. मे अखेरपासून सप्टेंबरपर्यंत कुठल्याही कोरड्या रविवारी, आदल्या दिवशी फोन करा आणि सकाळी सव्वासहाला या. चप्पल नको, बूट घालून या, कारण पायाखालचा पत्रा तापतो, आणि एसी नाही म्हणून काचा खाली असतात, केस बांधून घ्या. चहा परत आल्यावर.